उजव्या कोपऱ्यातला डाग

सोमवार, ३ फेब्रुवारी

नव्या नोकरीचा पहिला दिवस, म्हणून ही दैनंदिनी सुरू करतेय. गेल्या वर्षीची जानेवारीतच वारली होती. ही किती जगते बघू.

काम असं. इंटरनेटवर आमचा चित्रांचा बाजार आहे. मासिकवाले, जाहिरातवाले, कॅलेंडरवाले तिथून तयार चित्रं विकत घेतात. आजवर तिथे फक्त फोटो असायचे. आता एआयकडून करून घेतलेल्या चित्रांचा विभाग उघडलाय, आणि लोकांनी पाठवलेली ती चित्रं पास-नापास करायला मला बसवलंय. माझ्या नजरेतून सुईच्या टोकाएवढी चूकही सुटत नाही, हे मी मुलाखतीतच सांगून टाकलं. विभागाच्या प्रमुख बाई, ज्यांना सगळे मागून 'चाळणी' म्हणतात, त्या नुसत्या "बघू" म्हणाल्या.

काम घरूनच. स्क्रीन दुसऱ्या कुणाला दिसता कामा नये असा नियम आहे, म्हणून बाहेरच्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसते. समोर सोफा. सोफ्यावर बाबा, म्हणजे माझे सासरे. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या त्यांनी. हात थरथरायला लागले तेव्हा नवऱ्याने त्यांना इकडे आणलं, त्याला दोन महिने झाले. नवरा सकाळी जातो तो रात्री उशिरा येतो, त्यामुळे दिवसभर घरात आम्ही दोघंच. ते माझ्याकडे बघतात, मी स्क्रीनकडे बघते. बोलायचं काय, हा दोघांनाही प्रश्न आहे.

बुधवार, ५ फेब्रुवारी

काय काय पाठवतात लोक! आज एक डॉक्टर होता, गळ्यातली नळी थेट त्याच्याच चहाच्या कपात गेलेली. एका बाईच्या हाताला सहा बोटं, आणि सहाव्या बोटात अंगठी! म्हणजे चुकून आलेलं बोट नव्हे, साग्रसंगीत लग्न झालेलं बोट.

रात्री जेवताना बाबांना सांगितलं. बाबा हसले. या घरात आल्यापासून पहिल्यांदा असे हसले की ठसका लागला, मला उठून पाणी द्यावं लागलं.

मग म्हणाले, "ही असली चित्रं कुणीही पाठवू शकतं?"

"कुणीही. एआयने केलंय एवढं खरं सांगायचं, आणि चित्रातली माणसं खरी नाहीत असं लिहून द्यायचं."

"आणि पास कोण करतं?"

"मी!" असं म्हणताना माझी मान जरा जास्तच ताठ झाली असावी, कारण बाबा पुन्हा हसले.

सोमवार, १० फेब्रुवारी

आज एक नवखा आला. आम्हाला नावं दिसत नाहीत, नुसते आकडे. नवख्याचं पहिलं चित्र पास होईपर्यंत तो एकाच तपासणाऱ्याकडे राहतो, म्हणजे हे ध्यान आता माझ्या गळ्यात.

चित्र तसं बरं होतं. बाजाराचा रस्ता, दोन्ही बाजूंना दुकानं, सकाळचं ऊन. पण पाट्या! अक्षरं म्हणजे नुसती गांडुळं वळवळतायत. एआयला अक्षर म्हणजे काय ते कळत नाही, मान्य, पण पाठवणाऱ्याला तरी कळावं की नाही? नापास. कारणासाठी एक ओळ लिहायची सोय असते, तिथे मी लिहिलं, 'पाट्या वाचता येत नाहीत. पाठवण्यापूर्वी बघितलंत का? की नजर भाड्याने दिली आहे?'

लिहून झाल्यावर वाटलं, जरा जास्त झालं. पण पाठवून दिलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय.

बाबा संध्याकाळी जेवले नाहीत. दात दुखतोय म्हणाले. लवंग दिली, ती खिशात टाकली. दात दुखणारा माणूस लवंग खिशात का टाकेल?

नवऱ्याचा जुना टॅबलेट कपाटात नाही. विचारलं तर म्हणे, बाबा त्यावर पत्ते खेळतात. बरं झालं, तेवढंच मन रमेल. नवरा स्वतः मात्र चष्मा डोक्यावर ठेवून घरभर चष्मा शोधत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, या माणसाचं कधी काय होणार आहे कुणास ठाऊक.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

तोच नवखा, तोच रस्ता. पण अक्षरं! मी खुर्चीत पुढे सरकले. एकेक पाटी सुबक, बाकदार, जिथे जाड हवं तिथे जाड, जिथे बारीक हवं तिथे बारीक. हे एआयचं काम नव्हे. एआयच्या पाट्या पुसून त्यावर कुणीतरी स्वतः अक्षरं काढली आहेत. आमच्याकडे ते चालतं, तसं लिहिलं की झालं, आणि त्याने लिहिलंही होतं.

तरी नापास करावं लागलं. प्रत्येक अक्षराला त्याने सावली दिलेली, आणि झाडून सगळ्या सावल्या डावीकडे खाली. चित्रात ऊन पण डावीकडूनच येतंय! माणसांच्या सावल्या उजवीकडे आणि अक्षरांच्या डावीकडे, असं कुठे असतं? शिवाय खाली उजव्या कोपऱ्यात एक बारीक काळा डाग. 'सावल्या तपासा. कोपऱ्यातला डाग काढा.'

जेवताना सहज विषय काढला. बाबा एकदम तावातावाने बोलायला लागले.

"अक्षराची सावली डावीकडे खालीच असते. आम्हाला शिकवलंय तसं."

"अहो, पण सूर्य कुठे आहे त्यावर नाही का ठरत?"

"पाटीला सूर्याशी काय करायचंय? पाटी रात्रीही तिथेच असते."

मग मी टेबलावरचा दिवा उचलला, मिठाची बरणी मध्ये ठेवली आणि दिवा इकडून तिकडे फिरवून दाखवला. बाबा बराच वेळ बरणीच्या सावलीकडे बघत राहिले. म्हणाले, "पन्नास वर्षं मी सूर्याला डावलत आलो म्हणायचं." आणि मिठाची बरणी स्वतःच्या हाताने जागेवर ठेवली. हात थरथरत होता, थोडं मीठ सांडलं. मी बघितलं नाही असं दाखवलं.

रविवार, १६ फेब्रुवारी

नवऱ्याला सुट्टी, त्यामुळे घरात जरा गलका. तो लहानपणीच्या गोष्टी सांगत होता. बाबा म्हणे कधी पाटीवर सही करायचे नाहीत. सहीऐवजी एक माशी काढायचे. दुकानदार ती फडक्याने हाकलायला जायचे, आणि बाबा रस्त्याच्या पलीकडे उभे राहून मजा बघायचे. एका औषधवाल्याने तर चिडून पाटीला चप्पल मारली होती. आम्ही हसून लोटपोट. बाबा मात्र मुलाला म्हणाले, "पुरे रे, जुन्या गोष्टी काय उगाळतोस," आणि माझ्याकडे चोरून बघितलं. लाजले असतील.

मग जेवण झाल्यावर त्यांनी सांगितलं, महिनाअखेरीला ते त्यांच्या बहिणीकडे, म्हणजे आत्यांकडे राहायला जाणार. "तिच्याकडे झाडं आहेत. पाणी तरी घालेन. इथे नुसता बसून असतो. सूनबाई दिवसभर राबते आणि मी समोर बसून तिचं तोंड बघतो."

नवरा ताट उचलून आत गेला. मी म्हटलं, "जशी तुमची इच्छा." असं म्हणायचं नव्हतं मला. पण तेच बाहेर पडलं.

जाऊ देत. मला काय. खोली मोकळी होईल, टेबल आत नेता येईल.

नाही. खरं लिहिते, इथे कोण वाचणार आहे. मला नको आहे त्यांनी जायला. दुपारी चहा टाकताना मी आता न विचारता दोन कप काढते, आणि समोर कुणीतरी बसलेलं आहे हे मला आवडायला लागलंय. हे त्यांना सांगायचं कसं? माझ्या तोंडातून गोड शब्द निघाला तर ऐकणाऱ्याला वाटतं, हिला ताप आलाय.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

नवखा पुन्हा हजर. मी त्याला आता 'हट्टीबुवा' म्हणते. सावल्या अगदी बरोबर! उन्हाची तिरीप जशी, तशी प्रत्येक अक्षराची सावली. सांगितलेलं ऐकणारा माणूस या जगात अजून शिल्लक आहे, म्हणून मला भरून आलं.

पण पाट्यांवर चक्क दुकानांची नावं. अशी दुकानं कुठे खरोखर असली तर? मालकाच्या परवानगीशिवाय आमच्याकडे नाव चालत नाही. आणि कोपऱ्यात तो डाग तसाच! सांगून सांगून पालथ्या घड्यावर पाणी. मी लिहिलं, 'दुकानांची नावं चालणार नाहीत. आणि तो डाग मागच्या वेळी काढायला सांगितला होता. ऐकायचंच नसेल तर आमचा वेळ कशाला घेता?'

पाठवलं आणि नंतर चाळणीबाईंचा निरोप बघितला. या खात्याला आता एकच संधी उरली आहे, पुढचं चित्र नापास झालं की खातं कायमचं बंद. इतकं कडक कशाला? पण नियम त्यांचा.

संध्याकाळी बाबा गॅलरीत उभे होते, नुसतेच. चहा नेऊन दिला. म्हणाले, "काही माणसं फार तोडून लिहितात, नाही?"

"कोण?"

"असंच. पेपरात वाचलं काहीतरी."

मी म्हटलं, "तोडून लिहिणारी माणसं मनाने वाईट नसतात हो, बाबा."

"ते माहीत आहे," असं म्हणून त्यांनी चहा घेतला. माझ्याकडे इतक्या मायेने बघितलं की मी गडबडले. डोळ्यांत काही गेलं असेल त्यांच्या.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

हट्टीबुवाचं काही नाही. तीन-तीनदा आलेल्या चित्रांची रांग बघितली. घाबरला बहुतेक. माझंच चुकलं, नवख्या माणसाला असं बोलतात का? आता लिहिता येईना, कारण चित्र आल्याशिवाय आम्हाला त्याला काही लिहिता येत नाही.

बाबांची बॅग भरून झाली. ब्रशांचा डबा मला आणून दिला, "कुणाला तरी देऊन टाक." डब्यातले ब्रश तेलात बुडवून, केस सरळ करून ठेवलेले, इतके नीट की मला बघवेना. मी म्हटलं, "राहू दे की, जागा खातंय का काही?" आणि डबा माझ्या टेबलाखाली ठेवून दिला. खरं म्हणजे तिथे पाय ठेवायची जागा होती.

सोमवार, २४ फेब्रुवारी

आजचं सगळं क्रमाने लिहिते.

सकाळी हट्टीबुवाचं चित्र आलं. तोच रस्ता, तेच ऊन. पण सगळ्या पाट्या कोऱ्या! लाल, निळ्या, पिवळ्या, रंग सुंदर, कड सोनेरी, आणि अक्षर एकही नाही. सगळा रस्ता उघडा, आणि कुणीही काही बोलत नाही, असं वाटलं. 'नावं नकोत' असं मीच लिहिलं होतं ना. तर घ्या.

कोपरा बघितला. डाग गेलेला. स्वच्छ. पास करायला हरकत नव्हती, आणि तरी बोट पुढे होईना. शेवटी याने हट्ट सोडला, म्हणून मलाच वाईट वाटत होतं. असली कसली तपासणारी मी!

म्हटलं, एकदा सगळं फिरून बघू. नियमाप्रमाणे चित्र मोठं करून डावीकडून उजवीकडे बघत गेले. टोपलीवाला, सायकल, फळांची गाडी. गाडीवर कापलेलं कलिंगड. त्याच्यावर माशी बसली होती.

मी फाडकन स्क्रीनवर हात मारला.

समोरून आवाज आला. बाबा. सोफ्यावर बसून हसत होते, तोंडावर पालथा हात धरून, खांदे हलतायत, डोळ्यांतून पाणी. रस्त्याच्या पलीकडे उभा राहून हसावं तसं.

मी हात बाजूला केला. माशी तिथेच. आणखी मोठी केली. पंखांवरच्या शिरा. पाय मोजले, सहा. एआयला माणसाची बोटं धड मोजता येत नाहीत, आणि या माशीला सहाच्या सहा पाय. जुनी चित्रं उघडली, कोपऱ्यातला डाग मोठा केला. सहा पाय. त्याच्या आधीचं उघडलं. सहा पाय. मी, जिच्या नजरेतून काही सुटत नाही, ती रोज त्या माणसाला चहा देत होते आणि त्याच्या सहीला डाग म्हणत होते. नवऱ्याच्या चष्म्याला हसले होते ना? घ्या आता.

"बाबा, हे... तुम्ही?"

"लागली का गं माशीला?"

"तुमचा हात...?"

"रस्ता एआय देतं, पाट्या आणि माशी मी त्या टॅबलेटवर बोटाने काढतो. मोठं करून काढायचं, चुकलं की मागे जायचं. पाटीवर कधी मागे जाता आलं नाही, इथे येतं. तुझ्या नवऱ्याने शिकवलं." म्हणजे तो पण सामील! पत्ते म्हणे!

"आणि तपासणारी मी आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. 'नजर भाड्याने दिली आहे' हे या घरात मी दिवसातून चारदा ऐकतो. शिवाय माझं चित्र आलं की तू नाक मुरडायचीस, ते इथून दिसायचं."

मला रडूच फुटलं. म्हटलं, "मग सांगायचं नाही का? मी काय काय लिहिलं तुम्हाला! एका शब्दाने सांगायचं होतंत."

"सांगितलं असतं तर तू पास केलं असतंस," बाबा म्हणाले. "मला पास व्हायचं होतं, सूनबाई. पास करून घ्यायचं नव्हतं."

मग मला कळलं की आता तेही माझ्या हातात नाही. नाटक करून पास केलं तर त्यांचा अपमान, आणि नोकरीशी लबाडी. चाळणीबाईंना लिहिलं, हे खातं माझ्या सासऱ्यांचं निघालं, मला आत्ता कळलं, हे चित्र मी तपासू शकत नाही, कृपया तुम्ही तपासा. चाळणी ती चाळणी. नापास केलं तर खातं बंद, आणि शुक्रवारी आत्यांकडची गाडी.

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "बरोबर केलंस." आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

सकाळपासून काही नाही. मी दुसऱ्यांची चित्रं तपासत होते, आज सगळ्यांशी गोड लिहिलं. एका माणसाने तीन कान असलेला ससा पाठवला, त्याला लिहिलं, 'छान प्रयत्न, एक कान कमी केलात तर आणखी छान.'

बाबा आज सोफ्यावर बसले नाहीत. आतल्या खोलीतून बॅगेची चेन उघडल्याचा आणि लावल्याचा आवाज येत होता. मी एकदा उठून दारापर्यंत गेले. म्हटलं, "बाबा, पास होवो न होवो. तुम्ही जायचं नाही."

"का गं?"

"मला करमणार नाही म्हणून." बोलून टाकलं. कान तापले माझे.

"तुला ताप आलाय का?" असं बाबांनी खरंच विचारलं. पण बॅगेची चेन अर्धीच लावून सोडली.

दुपारी चारच्या सुमाराला निरोप आला. जसाच्या तसा उतरवते. 'पास. कोऱ्या पाट्या गिऱ्हाईकांना हव्याच असतात, प्रत्येकाला आपलं नाव घालायचं असतं. अशा आणखी पाठवायला सांगा. फळावर माशी असणं ही चूक नाही. जाता जाता, मीसुद्धा ती मारायला गेले, चहा सांडला. तुमच्याकडून आलेलं हे खातं आजपासून माझ्याकडे. आणि तुम्ही नवख्यांना जरा माणसासारखं लिहीत जा.'

मी निरोप मोठ्याने वाचला. बाबांनी मला तो दुसऱ्यांदा वाचायला लावला. मग फक्त चहा सांडल्याचा भाग तिसऱ्यांदा.

त्यानंतर आत्यांना फोन लावला. मी स्वयंपाकघरात होते, मुद्दाम नळ बंद केला. "नाही गं, येत नाही. तुझी झाडं तूच बघ. मला काम लागलंय... हो, या वयात... आणि इथे सूनबाईला करमत नाही माझ्याशिवाय." शेवटचं वाक्य इतक्या मोठ्याने की खालच्या मजल्यावरही कळलं असेल.

रविवार, २ मार्च

बाबांची बॅग माळ्यावर गेली. ब्रशांचा डबा माझ्या टेबलाखालून त्यांच्या खिडकीत. आता बाहेरच्या खोलीत दोन टेबलं, समोरासमोर. त्यांचा टॅबलेट, माझी स्क्रीन. एकमेकांचं बघायचं नाही, असा करार आहे. बाबा तो रोज मोडायला बघतात.

सकाळी कामाचं टेबल पुसायला गेले तर स्क्रीनच्या चौकटीवर, खाली उजव्या कोपऱ्यात, माशी. फडकं मारलं. उडाली नाही. पुन्हा मारलं. मग वाकून बघितलं. खऱ्या ब्रशाने, खऱ्या रंगाने काढलेली. पंख जरा वाकडे, पायांच्या रेषा थरथरलेल्या. इथे मागे जाता येत नाही ना. पण त्या थरथरीमुळे ती अगदी आत्ता उडेल अशी दिसतेय.

पाय मोजले. पाच. सहावा नुसता ठिपका राहिलाय, तिथवर हात पोचला नसावा.

बाबा समोरून बघत होते, माझं तोंड वाचायला.

"काय? नापास?"

मी म्हटलं, "एक पाय कमी आहे. पण असू दे." आणि तेवढा कोपरा सोडून बाकीची चौकट पुसून घेतली.